मिओरीच्या पाठीमागे

मिओरी कुराशिना आमच्या वल्हवण्याच्या क्लबात आली ती शरदात, सुवा तळ्यावर सकाळी धुकं उतरायला लागतं त्या दिवसांत. लांब हातांची, केस बारीक कापलेली, आणि जन्मापासून बहिरी. एकटीच्या बोटीत ती आमच्या प्रांतात पहिली आली होती. मी तिच्याहून मोठी, दोघींच्या बोटीतली. माझी जोडीदार पाठीच्या दुखण्याने नुकतीच खेळ सोडून गावी गेली होती. आमचे प्रशिक्षक सुगाया सेन्सेई एरवीही फार बोलत नसत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "तोमोए, उद्यापासून ही तुझ्याबरोबर."

"तिला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"तुला येतं ना? मग दोघींत मिळून दोन कान झाले. पुरेत."

मिओरी त्यांच्या ओठांकडे बघत होती. ती हसली. मला तिथेच कळलं की तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलताना जपून बोलायला हवं.

बहिऱ्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत वल्हवण्याचा खेळच नाही. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी तिथे धावायला गेल्या, पोहायला गेल्या. एकीने व्हॉलीबॉलचं पदक आणलं आणि ते मिओरीच्या गळ्यात घालून फोटो काढला. तू पोहायला का लागत नाहीस, असं तिला सगळे विचारायचे. तिचं म्हणणं, पाणी आवडतं, पण त्याच्यावरून जायला आवडतं. त्यामुळे तिला एकच वाट होती. देशाच्या संघात जायचं, ऐकणाऱ्यांना हरवून.

हातांची भाषा मी तिच्याकडूनच शिकले, दुपारी नूडल्स खाताना. शिकले म्हणजे काय, बरेच दिवस नुसता गोंधळ घातला. एकदा मी तिला 'उद्या लवकर ये' म्हणाले, आणि तिने चॉपस्टिक खाली ठेवून मला शांतपणे सांगितलं की तू मला आत्ता उद्या लवकर मरायला सांगितलंस. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सुगाया सेन्सेई आपला वाडगा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. तिच्या भाषेत बोट माझ्याकडे दाखवलं की झालं, 'तू'. मोठ्यांशी कसं बोलायचं याचे आमच्याकडे इतके नियम, पण मिओरीच्या त्या एका बोटाने ते सगळे काठावरच राहायचे.

बोटीत मात्र काही जमत नव्हतं. आम्ही वल्हवणारे उलटे बसतो. बोट जिकडे जाते तिकडे आमची पाठ. जी लय देते तिच्या डोळ्यांपुढे नुसतं मागे जाणारं पाणी असतं. तिच्या पाठीमागे बसणारी तिची पाठ बघून हात मारते आणि मधूनमधून मान वळवून दिशा सांभाळते. मिओरीला डोळ्यांचाच आधार, म्हणून सेन्सेईंनी तिला मागे बसवलं आणि लय माझ्याकडे दिली. मी जुन्या सवयीने ओरडत राहायचे. आता लांब, आता जोर, आता हलकं. बोट जड चालायची, ओल्या गादीसारखी.

एका सकाळी काठाला लागल्यावर मिओरीने माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"तू कोणासाठी ओरडतेस?" तिच्या हातांनी विचारलं.

"सवय आहे."

"तू ओरडतेस तेव्हा तुझे हात जरासे उशिरा येतात. मला खालून कळतं." तिने आपल्या बसायच्या जागेवर थाप मारली. "तू खूप बोलतेस, तोमोए. बोट कंटाळते."

मोटरबोट बांधत असलेल्या सेन्सेईंना आमचे हात कळत नसत, पण माझा चेहरा कळला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलल्या. लय मिओरीकडे. मी तिच्या पाठीमागे.

"आणि काही सांगायचं झालं तर?" मी विचारलं.

"टाचेने फळी दाब. बोट पातळ आहे, पोचेल तिच्यापर्यंत."

"आणि ओरडायचं नाही?"

"ओरड की. तळ्यातले मासे ऐकतील."

मला राग आला होता. इतकी वर्षं लय माझी होती. मागे बसणं म्हणजे पायरी उतरल्यासारखं वाटत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी मिओरीची पाठ पाहिली. ती पुढे जायची, थांबायची, आणि मग अशी मागे यायची की जणू कोणी अंथरुणावर चादर झटकून हळूच खाली सोडतंय. त्या पाठीत घाई नव्हती. बघता बघता माझं ओरडणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. टाचेने एकदा दाबलं की दिशा, दोनदा दाबलं की जोर. बाकी काही लागेनासं झालं.

मग ती धुक्याची सकाळ आली. निघालो तेव्हा पलीकडच्या काठावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची वाफ दिसत होती, डोंगर दिसत होते. तळ्याच्या मध्यावर पोचलो आणि सगळं पुसलं गेलं. आधी डोंगर गेले, मग काठ, मग माझ्या वल्ह्यांची टोकं. मिओरीची पाठसुद्धा फिकी झाली. मागून येणाऱ्या सेन्सेईंच्या मोटरबोटीचा आवाज चारी बाजूंनी येऊ लागला. डावीकडून येतोय म्हणावं तर उजवीकडून, आणि मग माझ्याच पोटातून आल्यासारखा. मी टाच दाबली. मिओरी थांबली.

"तोमोए!" धुक्यातून सेन्सेईंची हाक आली. "तिथेच थांबा. मासेमारीच्या बोटी बाहेर आहेत. हलू नका."

"थांबलोय," मी ओरडले. माझा आवाज दोन हातांवर जाऊन विरघळला.

माझं ओरडणं बोटीतून कळलं असावं, मिओरी बोट न हलवता वळून बसली. तिचे हात दिसावेत म्हणून मी पुढे वाकले.

"काय म्हणाले?"

"हलू नका म्हणाले."

"कुठे आहेत ते?"

"कळत नाही. सगळीकडे आहेत."

तिला ते फार आवडलं. "ऐकू येत असून कळत नाही?"

"धुक्यात आवाज हरवतात."

तिने आजूबाजूला पाहिलं. पांढऱ्यात पांढरं मिसळत होतं, पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. "मग आज तू माझ्या घरी आलीयस," ती म्हणाली. "बस. काही घाई नाही."

आम्ही बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. बोट हळूहळू फिरत असावी, पण कशाच्या भोवती ते कळायला काही नव्हतं. मिओरीने मला तिचं एक स्वप्न सांगितलं, तिला लहानपणापासून पडणारं. त्यात ती एका मोठ्या माशाच्या पाठीवर बसून तळ्यावरून जाते आणि काठावरची सगळी माणसं तिच्याशी हातांनी बोलतात, पोलीस, दुकानदार, शिक्षक, सगळे. मासासुद्धा परांनी बोलतो.

"काय बोलतो?"

"फार नाही. सेन्सेईंसारखा आहे."

मी तिला विचारलं, स्वप्नातून जागं झाल्यावर वाईट वाटतं का. तिने मान हलवली. "जाग आली की मी बोटीवर येते. त्यात आणि यात फारसा फरक नाही." मग जराशाने ती म्हणाली, "मला संघात जायचंय ते कोणाला दाखवून द्यायला नाही. मला खूप वेगात जायचंय. एकटीने जाता येतं त्याहून वेगात." मलाही तेच हवं होतं, पण इतक्या सोप्या शब्दांत मी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

ऊन वर आलं तसं धुकं विरलं. सेन्सेई आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थर्मास उघडून बसले होते.

निवडीच्या शर्यती उन्हाळ्याच्या तोंडाला झाल्या, समुद्राच्या खाडीवर. दोघींच्या बोटींतून एकच जोडी संघात जाणार होती. अंतिम शर्यतीत आम्ही मधल्या पट्ट्यात होतो. लाल दिवा हिरवा झाला आणि मिओरी निघाली, भोंगा माझ्या कानात शिरायच्या आत. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. शेजारच्या बोटीतली मुलगी आपल्या जोडीदाराला ओरडून जोर लावायला सांगत होती, आणि माझे हात तिच्या शब्दांमागे ओढले जाऊ लागले. मी डोळे मिओरीच्या पाठीवर रोवले. पुढे, थांब, मागे.

मग आवाज गेले. बंद झाले असं नाही, लांब गेले, डोंगरापलीकडे कोणी सण साजरा करत असावं तसे. पाणी जाड आणि गुळगुळीत झालं. बोट पाण्याला टेकत नव्हती असं मला वाटलं, आणि मिओरीची पाठ, माझे हात, ती खाडी, वरचं पांढरं आभाळ यांच्यात कुठे शिवण राहिली नाही. मी टाच दोनदा दाबली. ती दाबायच्या आधीच मिओरीने जोर वाढवला होता.

आम्ही दुसऱ्या आलो. बोटीच्या टोकाएवढ्या फरकाने.

काठावर वल्ही उतरवत असताना संघाच्या निवड समितीतल्या एक बाई आल्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला विचारा, चौघींच्या बोटीत लय द्यायला येईल का. आम्हाला अशी मुलगी हवी आहे जिच्या मागे बसलं की सगळ्यांची वल्ही एक होतात."

"तिलाच विचारा," मी म्हणाले. "ती तुमचे ओठ बघतेय."

बाई ओशाळल्या, मिओरीकडे वळल्या आणि सगळं पुन्हा म्हणाल्या. या वेळी उगाच मोठ्याने. मिओरीने समजून घेतलं आणि माझ्याकडे हात केले. "विचार त्यांना, तुझ्यासाठी जागा आहे का."

मी विचारलं नाही. उत्तर बाईंच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते मिओरीनेही वाचलं होतं.

मिओरीने बाईंना हो सांगितलं होतं. परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर द्राक्षांचे मळे मागे पळत होते. तिने मला कोपराने ढोसलं.

"राग आलाय?"

"आलाय."

"किती?"

"सुवा तळ्याएवढा."

तिने विचार केला. "मग ठीक आहे. छोटंच आहे ते."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. तिने माझा हात धरला नाही, कारण हात धरले की बोलता येत नाही. ती म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर बोलले नसते तुझ्याशी महिनाभर."

"मी बोलतेय कारण मी खूप बोलते."

"हो," ती म्हणाली. "बोट कंटाळते."

त्या हिवाळ्यात कितीतरी वर्षांनी सुवा तळं पुरतं गोठलं. मिओरी सराव शिबिरातून सुट्टीवर आली होती. परदेशातल्या पहिल्या शर्यतीत तिची बोट शेवटून दुसरी आली होती. ते ती इतक्या आनंदाने सांगत होती की मला आधी वाटलं जिंकूनच आल्यात. बाकीच्या तिघींनी तिचे हात शिकायला घेतले होते आणि सगळ्या मिळून चुकत होत्या. मी एकटीच्या बोटीत उतरले होते. माझ्यापुढे आता कोणाचीच पाठ नव्हती, आणि तरी मी ओरडत नव्हते.

पहाटे उजाडताना आम्ही काठावर गेलो. देवळातले पुजारी आणि गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन बर्फाची जाडी बघायला आली होती. आमच्याकडे म्हणतात, बर्फाला भेग पडून उंचवटा उठतो तो देवाच्या चालण्याचा माग. तो पलीकडच्या देवीला भेटायला जातो. भेगेच्या आवाजासाठी सगळे कान देऊन उभे होते. मिओरी गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि तळवा बर्फावर ठेवला.

तिने मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले होते. तिने मोकळ्या हाताने मला खाली बोलावलं आणि मी तिच्याशेजारी बसून माझाही तळवा ठेवला. बर्फ बोचत होता. काही नव्हतं. आणि मग फार खोलवरून, पाण्याच्याही खालून, काहीतरी आमच्या दिशेने चालत येऊ लागलं.