सत्ताविसावं पान

चेहरेवालीने सेनापतीच्या नाकाच्या डाव्या बाजूला चामखीळ नेमकी बसवली, खुर्ची मागे सारली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "हं. आता कर तोरा."

शेजारच्या टेबलावरचा नगारा कानावरचे हेडफोन काढून वाकला. ते बनवत होते त्या संगणकावरच्या खेळातले चेहरे तिचे; ढोल, शिंगं, घोड्यांच्या टापा, सगळे आवाज त्याचे. म्हणून त्याला सगळे नगारा म्हणत.

"ताई, हा तर आपला..."

"कोण आपला?"

"कुणी नाही बाई. मला नोकरी प्यारी आहे."

खेळ प्राचीन चीनमधला होता. तीन राज्यं, सतरा किल्ले, आणि त्यांतून भाला फिरवत शेकड्यांनी सैनिक कापत जाणारा एक सरदार. पण नुसतं कापून भागत नसे. धान्याची कोठारं राखायची, पूल अडवायचे, आणि हरलेला शत्रू समोर गुडघे टेकून बसला की ठरवायचं: मान उडवायची, पदरी ठेवायचं, की सोडून द्यायचं. पडद्यावर खाली कोपऱ्यात आणखी एक बारीक बटण होतं, 'नाव विचारा'. घाईत खेळणाऱ्याला ते दिसतही नसे.

हा सगळा भाग तिचा. कामाचे चेहरे घडवून झाले की उरलेल्या वेळात, आठ महिने खपून तिने चाळीस पानांचं टिपण लिहिलं होतं. साहेबांनी ते 'जरा नजरेखालून घालतो' म्हणून नेलं आणि पुढच्याच बैठकीत, "परवा अंघोळ करताना मला एक सुचलं," अशी सुरुवात केली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ती तेव्हा गप्प बसली. वाटलं, निदान यादीत नाव तरी येईल.

खेळाची पहिली झलक निघाली तेव्हा तिने आईला मुद्दाम शेजारी बसवलं. शेवटी नावं सरकू लागली. 'नियम आणि रचना' या शब्दांसमोर साहेबांचं नाव. 'चेहरे' या शब्दासमोर नुसतंच 'कलाविभाग'. आईने चष्मा पुसला, झलक पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा वाचलं.

"तुझं कुठंय गं?"

"पुढच्या वेळी येईल."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तेच चेहरेवालीच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. साहेबांना केल्याची फेड मिळायला हवी होती, आणि तीही चारचौघांत.

म्हणून हा सेनापती. स्वतःच्याच प्रजेच्या तोंडचा घास काढून पळणारा, तिसऱ्या लढाईत हाती लागणारा. लाखो लोक त्याची मान उडवणार होते. साहेबांची वर चढलेली उजवी भुवई, लोंबती कानाची पाळी, चामखीळ, सगळं जसंच्या तसं. फक्त कुणाच्या पटकन लक्षात येऊ नये म्हणून तिने वय तीसेक वर्षांनी वाढवलं होतं. गाल बसवले, पांढरी दाढी दिली, डोळ्यांखाली पिशव्या आणल्या.

अकराला पाहुण्या बाई आल्या. खेळ बाजारात आणायचा की नाही, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. साहेबांनी स्वतः खेळून दाखवायचं ठरवलं होतं. मोठ्या पडद्यासमोर सगळे उभे राहिले.

साहेब बरे खेळत होते. दोन लढाया झपाट्याने जिंकल्या. तिसरीत किल्ल्याचं दार पडलं आणि सैनिकांनी सेनापतीला ओढत आणलं. चेहरेवालीने श्वास रोखला. नगाऱ्याने तिच्याकडे न बघता घसा खाकरला.

साहेबांचा अंगठा थांबला.

"काय झालं?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"काही नाही." साहेब पडद्याजवळ गेले. "माझे वडील शेवटी शेवटी असेच दिसायचे. अगदी असेच. हे डोळे तर..." ते हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "नाही हो, मान नाही उडवत." आणि त्यांनी 'सोडून द्या' दाबलं.

आरशात रोज दिसणारा चेहरा माणसाने ओळखला नव्हता. तीस वर्षं वाढवून तिने भलत्याच माणसाला गुडघ्यांवर आणलं होतं. जाऊ दे, असंही तिला वाटून गेलं.

"हे छान आहे," पाहुण्या बाई म्हणाल्या. "शत्रूला सोडायची कल्पना कुणाची?"

"माझीच," साहेब म्हणाले. "परवा अंघोळ करताना..."

झालं. जित्याची खोड! तिच्या मनातली दया तिथल्या तिथे आटली.

चौथी लढाई सुरू झाली. साहेब पुलावर पोचतात तोच पिछाडीला धूर दिसला. पांढऱ्या दाढीचा म्हातारा फौज घेऊन उलटला होता. कोठारं पेटली, सैन्य उपाशी पडलं, आणि साहेबांचा सरदार पुलावरच आडवा झाला.

"काहीतरी बिघाड दिसतोय," साहेब म्हणाले. "पोरांनी घाईत काहीतरी..."

"बिघाड नाही," चेहरेवाली म्हणाली.

सगळे वळले.

"नियम आहे. नाव न विचारता सोडलं, तर तो सूड घ्यायला परत येतो. नाव विचारून सोडलं, तर पाचव्या लढाईत आपल्यासाठी किल्ल्याचं दार आतून उघडतो. सत्ताविसाव्या पानावर आहे."

पाहुण्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "सत्ताविसाव्या पानापर्यंत पोचला नव्हता का तुम्ही? स्वतःच्याच लिखाणात?"

साहेब पुन्हा पडद्याकडे वळले. नगारा जोडे न्याहाळत होता. पाहुण्या बाई खुर्ची ओढून चेहरेवालीच्या टेबलाशी बसल्या, तिलाही समोर बसवलं आणि त्यांनी वही उघडली.

"नाव काय तुमचं?"

तिने सांगितलं. बाईंनी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं. तिला आईला आत्ताच्या आत्ता फोन करावासा वाटला. ऊर भरून आला होता; असं सुख तिने कित्येक महिन्यांत चाखलं नव्हतं.

"आता अठ्ठाविसावं पान."

ती बोलणार, तेवढ्यात तिला बाईंच्या खांद्यावरून पडदा दिसला. साहेबांनी तिसरी लढाई पुन्हा लावली होती. त्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. म्हातारा समोर गुडघे टेकून बसला होता, आणि साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून 'नाव विचारा'चं बटण शोधून काढलं होतं.

सकाळी, चामखिळीआधी, तिने सेनापतीच्या नावाच्या चौकटीत, बटण दाबलं की पडद्यावर उमटतं तिथे, रागाच्या भरात एकच शब्द लिहिला होता. चोर.

ती अर्धवट उठली.

"बसा हो," पाहुण्या बाई म्हणाल्या. "आता कुणाला घाबरायचं कारण नाही. सांगा."

साहेब त्या म्हाताऱ्याकडे बघत होते. ओठ किंचित हलत होते, घरातल्या कुणाशी बोलावं तसे. हाक मारली असती, तर अजून वेळ होता.

चेहरेवाली बसली आणि अठ्ठाविसावं पान सांगू लागली. पडद्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.