तिरप्या चाकांची खुर्ची

मित्रांनो, मला मागून ढकलायला मुठी नाहीत आणि माझी दोन्ही मोठी चाकं वरून आत झुकलेली आहेत. मी बास्केटबॉल खेळायची एक जुनी चाकांची खुर्ची आहे. पेणच्या रामवाडीतल्या मैदानावर मी लहानाची मोठी झाले म्हणा ना!

माझं पहिलं माप प्रविणच्या अंगाचं. खांब गावाजवळ हायवेवर अपघात होऊन त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. पण पोट, पाठ, कंबर भक्कम. भर वेगात तो कमरेतून वाकून जमिनीवरचा चेंडू उचलायचा आणि दोन्ही हात वर करून बास्केटमध्ये टाकायचा. टाळ्या पडल्या की त्यातल्या थोड्या माझ्याही आहेत असं मला वाटायचं. पुढे त्याला नवी खुर्ची मिळाली. मी सामानाच्या खोलीत पडून राहिले. चाकांतली हवा गेली, खाडीच्या वाऱ्याने दांड्यांवर गंज चढला.

मग गडब गावची भाविका आली. माळ्यावर पेंढा रचताना ती पडली होती. छातीखालचं अंग तिच्या ताब्यात नव्हतं. पहिल्याच दिवशी चेंडू झेलायला तिने दोन्ही हात उचलले आणि ती तोंडावर पडली.

“उचला मना. परत टाका चेंडू,” नाकातलं रक्त पुसत ती म्हणाली.

ती परत पडली.

“ताई, हिच्यानं नाय होणार,” प्रविण वैतागला. “मॅच घालवेल ही.”

आमच्या प्रशिक्षक नाओमीताई माझ्याजवळ आल्या. “तोल गेला की तू पोटाच्या जोरावर सावरतोस, प्रविण. तिचं पोट तिला साथ देत नाही. आणि ही खुर्ची अजून तुझ्याच मापाची आहे.”

मला वेल्डिंगच्या दुकानात नेलं. भाविकाचे गुडघे कमरेच्या वर राहावेत आणि तिने पुढे घसरू नये म्हणून बैठक मागच्या बाजूने खाली घेतली. पाठ उंच केली, छातीखालून रुंद पट्टा लावला. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी घाबरले. मी बुटकी झाले, बास्केट आणखी लांब गेली. पण भाविका बसली ती घट्ट बसली. तळहात सोलवटून निघेपर्यंत ती एकच गोष्ट शिकत राहिली. झटकन वळायचं आणि समोरच्याची वाट अडवायची.

आमच्या खेळात अंगाची जेवढी हालचाल होते, तेवढे गुण खेळाडूच्या नावावर असतात. प्रविणचे चार, भाविकाचा एक. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर गेलेली चालत नाही. आमच्या संघातला एक गुणाचा काळुराम, त्याला बसून बसून जखम झालेली, तो खेळणार नव्हता. बाकीचे सगळे जास्त गुणांचे. म्हणजे भाविका नसेल तर प्रविणलाच बाहेर बसावं लागणार होतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

रोह्याच्या स्पर्धेत ठाण्याच्या संघाचा एक उंच खेळाडू प्रविणला हलूच देईना. शेवटचं मिनिट आलं. आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू प्रविणकडे होता आणि तो एकटाच घुसायला निघाला.

“माझ्या मागनं ये!” भाविका ओरडली. “त्याला मी धरते!”

क्षणभर तो थबकला. मग त्याने चाक फिरवलं.

भाविकाने मला त्या उंच खेळाडूच्या वाटेत आडवं उभं केलं. त्याची खुर्ची धाडकन माझ्यावर आदळली. माझा सांधा करकरला. भाविकाचे पाय आपोआप थरथरू लागले, ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. पट्ट्याने तिला धरलं आणि तिने मला. आम्ही तिथून हललो नाही. मागून प्रविण सुटला, चेंडू बास्केटमध्ये पडला.

सगळे प्रविणभोवती जमले. तो मात्र गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला. “पुढच्या मॅचला पण माझ्या पुढं तूच राहायचं,” एवढंच बोलला.

बघायला आलेल्या एक काकी हळहळल्या. “एक पण गोल नाय करता आला गो तुला, पोरी!”

भाविका हसली. “काकी, मना गोल करायचाच नव्हता. त्या उंच गड्याला जाऊ द्यायचा नव्हता.”

मित्रांनो, माझ्या चाकांत हवा भरा, गंज पुसा, तेवढं मला पुरे. पण माझ्यात कुणाला बसवाल, तेव्हा ‘जमेल का तुला?’ असं विचारू नका. आधी तिचं माप घ्या.