कडेच्या मेंढीची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मंठ्याच्या बाजारातून मेंढपाळ बिभीषणने मला आणले आणि पुढच्या एडक्याच्या गळ्यात बांधले. मित्रांनो, कळपात घंटेचा मान पुढच्याचाच. मी वाजले की मेंढ्या मुकाट मागे यायच्या. कितीतरी वर्षे मी तोऱ्यात राहिले.

पुढे बिभीषण धडकू लागला. कधी बाभळीला, कधी दाराच्या चौकटीला, एकदा तर उभ्या बैलगाडीला. कडेची मेंढी रस्त्यावर गेली तरी त्याला कळेना. एक कोकरू टेम्पोखाली सापडले. लोक म्हणाले, "सकाळीच घेऊन राह्यला वाटतं." ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याने हे खाली मान घालून ऐकले. मला फार वाईट वाटले. त्याचे डोकेही सारखे दुखायचे. डोळ्यांच्या शिबिरात त्याने समोरची सगळी अक्षरे धडाधड वाचली. नजर चांगली आहे, असे सांगून त्याला परत पाठवले. झाले, लोकांचा संशय पक्काच झाला.

त्याची बायको जयवंताबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने मला एडक्याच्या गळ्यातून सोडवून उजव्या कडेच्या मेंढीला बांधले. डाव्या कडेला नवी घंटा आली. दिसत नाही ते त्याने निदान ऐकावे, म्हणून. पुढचा मान गेला म्हणून मी रुसले होते, खोटे कशाला बोलू?

एकदा माझा पट्टा तुटला. तो शिवून घ्यायला तिने मला पिशवीत टाकले आणि नवऱ्याला घेऊन जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टर दीपमालाबाईंकडे गेली. तिथे मी वाजले. बाईंनी विचारले, "घंटा कशाला आणली?"

"मधल्या मेंढ्या दिसतेत त्यांना, कडच्या न्हाई दिसत. म्हणून कडच्या मेंढीला बांधली व्हती."

बिभीषणला नाकासमोर बघायला सांगून डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंना बोटे हलवली. "बोट दिसतं का?"

"कोणतं बोट?" बिभीषणने विचारले.

पुढचे मी जयवंताबाईच्याच तोंडून ऐकले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. तिथे गाठ वाढून डोळ्यांच्या नसा दाबत होती. कर्करोग नव्हता, पण आणखी थांबले असते तर दोन्ही डोळे गेले असते. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली. रोजच्या गोळ्या मागे लागल्या.

डावीकडचे त्याला आता दिसते. उजवीकडे अंधारच आहे, कारण तिकडची नस फार काळ दबून होती. मी अजून त्याच कडेला वाजते. मित्रांनो, घरातले कुणी सारखे धडकत असेल तर हसू नका, त्याला दवाखान्यात न्या. गाव बिभीषणला दारुडा म्हणत राहिले आणि तोवर त्याची एक बाजू कायमची गेली.