ठिपक्यांचीची कासंडी

“ये गं माझी ठिपक्यांची, चंडोलाच्या अंड्यांची,
सोड गं बाई पान्हा, वाट बघतोय तान्हा.”

सकाळी गुरांच्या कुंपणातून मुंडुलाचा हा आवाज यायचा. अजून तो माझ्या लाकडात मुरलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कासंडी आहे, धार काढायचं भांडं, दक्षिण आफ्रिकेत झुलूंच्या डोंगरातल्या एका घरची. मुंडुलानं मला एकाच ओंडक्यातून कोरलं. गुडघ्यांत नीट धरता यावं म्हणून बाजूंना दोन बोंडं ठेवली. त्याच्या लाडक्या गायीच्या अंगावर चंडोलाच्या अंड्यांसारखे ठिपके होते, म्हणून तिचं नावच ठिपक्यांची. त्याचं गाणं ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. धाकटा भाऊ फोको सूर लावायला गेला, की मुंडुला हसायचा. “गप रे फोक्या, तुझ्या गळ्यानं दूध कासेतच नासेल.”

मग बैलगाड्या घेऊन गोरे बोअर शेतकरी आले आणि जमीन मागू लागले. आमच्या राजानं त्यांच्या माणसांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि मारलं. त्यांच्या तळांवरची लेकरंसुद्धा वाचली नाहीत. पुढे ते सूड घ्यायला निघाले, तेव्हा दोघे भाऊ ढाली घेऊन नदीवर गेले. बोअरांनी गाड्यांचं रिंगण केलं होतं. आतून बंदुका चालल्या. नदीचं पाणी लाल झालं म्हणतात.

फोको एकटाच परतला.

“दादा कुठंय?” आईनं विचारलं.

“डोंगरात. गुरं लपवलीत ना, त्यांच्या राखणीला गेलाय.”

ठिपक्यांचीचं वासरू चालायला लहान, म्हणून घरीच होतं. त्याला शेळीचं दूध पाजून झालं की आई मला चरबी चोळत बसे. “तडकू नकोस गं. तो आला की तुलाच मागेल.” मित्रांनो, आज मी भेगाळले आहे. पण जुनं भांडं फेकण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवून बघा. कुणाची तरी वाट बघत कुणीतरी ते पुसलेलं असतं.

आठव्या दिवशी ठिपक्यांची वासराच्या ओढीनं एकटीच धावत आली. गळ्यात तुटका कातडी दोर होता. तसा दोर बोअरांचाच. फोकोनं तो बघितला आणि पटकन काढून गवतात टाकला. डोंगरातली गुरं बोअरांच्या हाती गेली होती.

आई मात्र हरखली. “गाय आली म्हणजे माणूस मागोमाग असणार. फोक्या, धार काढ. दादा काय कोरडं जेवेल?”

आमच्यात बायका धार काढत नाहीत. आईनं मला फोकोच्या हाती दिलं. वासरू लुचलं, पण फोकोनं आचळाला हात लावताच गायीनं पान्हा चोरला.

“दादाचं गाणं म्हण की. आता कोण हसतंय तुला?”

फोकोनं गाणं म्हटलं. हुबेहूब मुंडुलाचा गळा. गायीनं वळून बघितलं आणि पान्हा सोडला. ऊन ऊन धार माझ्या तळाशी पडली.

आईची नजर पायवाटेवर होती. “ऐकून लवकर येईल बघ.”

फोकोचे हात थांबले. गायीच्या कुशीत तोंड लपवून तो म्हणाला, “आई, दादा डोंगरात गेलाच नाही. नदीत त्यानं माझा हात धरला होता. मला पोहता येत होतं, आई. मी हात सोडवून घेतला.”