उन्हं उतरल्यावर

उपासनाने भट्टीचं दार पायाने लोटलं आणि कोपरानेच कपाळावरचा घाम पुसला. वाफ पुरती चढली होती. ऊस ओढणारं ते बुटकं इंजिन जागच्या जागी थरथरत होतं.

"म्याडम, सोडा की आता!" रुळाकडेच्या गर्दीतून नागेंद्र ओरडला.

नागेंद्र बेळगावच्या रेल्वेमित्र मंडळाचा सचिव. रविवारी जग लग्नं-बारशी गाठतं. ही मंडळी संकेश्वराबाहेरच्या एका बंद साखर कारखान्यात येऊन गंज खरवडायची. कुणी वकील, कुणी शेतकरी, कुणी बँकेतलं. वर्गणी भरून वर हात काळे करून घ्यायचे. मंडळ तुम्हाला देतं तरी काय, असं घरचे विचारायचे. त्याचं उत्तर आज समोर फुसफुसत उभं होतं.

बॉयलरचा परवाना असेल त्यानेच इंजिन चालवायचं, असा मंडळाचा नियम. परवाना एकट्या उपासनाकडे. ती पॉलिटेक्निकात शिकवायची. सगळ्यांना तिचा हेवा वाटत होता आणि तिचा जीव मात्र आतल्या आत चुटपुटत होता. तिची आई, सुलाबाई, तरुणपणी याच इंजिनामागच्या डब्यांत उसाच्या मोळ्या भरायची. लेकीला निजवताना म्हणायची, "पळताना बघावं गं त्येला. आंगावर काटा येतोय." उपासना जन्मायच्या आधीच ते बंद पडलं होतं. आज ते पळणार होतं, आणि बघायला मिळणार नव्हतं ते एकट्या तिलाच. आतून दिसणार नुसते नळ आणि दाबाचे काटे.

त्यात दुपारपासून सुलाबाईने सगळ्यांना अडवून धरलेलं.

"ऊन उतरू दे. तवर न्हाय हलायचं."

गेल्या रविवारी तिने मंडळातल्या मष्णूअण्णाच्या मागे लागून रुळालगतच्या गोदामाच्या लांबलचक भिंतीला चुनाही मारून घेतला होता. "आक्का, गाडी सोडायची हाय का लगीन लावायचं हाय?" अण्णा हसला होता, पण हात भरून चुना त्यानेच लावला होता.

आता उन्हं कलली. सुलाबाई पदर खोचून मागच्या रिकाम्या डब्यात चढली.

"आई, खाली थांब की. तिथनं चांगलं दिसतंय."

"मी हितंच बसनार."

"डब्यातनं काय दिसणार गं तुला?"

"तू हाक की."

उपासनाने वाफेचा दांडा ओढला. इंजिन आचका देऊन पुढे सरकलं. गर्दीतून एकच आरोळी उठली. वकीलसाहेब तर चक्क रडत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून नजर काट्यावर आणली.

गोदाम आलं. उजवीकडे काहीतरी हललं म्हणून तिने मान वळवली.

पांढऱ्या भिंतीवरून इंजिन पळत होतं. अख्खं. धुराडं, फिरती चाकं, त्यांना ढकलणारा दांडा, वर लोळ उठवत जाणारा धूर. आत, वाफेच्या दांड्यावर हात ठेवलेली एक बाई. उपासनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं देखणं तिने जन्मात काही पाहिलं नव्हतं.

इंजिनामागे डब्याची सावली आली. तिच्यात एक ठेंगणी बाई उभी राहून हात हलवत होती.

"दिसलं का गं?" चाकांच्या खडखडाटातून मागून आईची हाक आली. "आमी बी हितनंच बघायचो!"

 उपासनाने शिट्टीची दोरी ओढली, आणि भिंत संपेपर्यंत सोडली नाही.