सात नंबरच्या संगणकाला मी जाळले

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी महाविद्यालयाच्या मागच्या प्रयोगशाळेत सात नंबरचा संगणक जळाला. त्याला मी जाळले.

मी एक जुना एसएमपीएस आहे. मित्रांनो, संगणकाच्या पाठीत पंखा लावलेला एक लोखंडी डबा असतो. तो भिंतीतली वीज घेतो आणि आतल्या भागांना सोसेल एवढी करून वाटतो. तो डबा म्हणजे मी.

मला एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात बनवले. संगणकाच्या आतल्या पाटीत खोचायचा माझा प्लग कंपनीने इतरांसारखाच ठेवला, पण त्यातल्या तारांचा क्रम मुद्दाम बदलला. गिऱ्हाइकाने सुटा भाग बाहेरून घेऊ नये, आपल्याच दारात यावे, एवढाच त्यामागचा हेतू. त्या कंपनीच्या संगणकाला मी वीज देतो. दुसऱ्या कुठल्याही संगणकात मी नीट बसतो आणि त्याला मारतो. हे माझ्या अंगावर कुठेही लिहिलेले नाही.

अकरा वर्षे मी एका विमा कचेरीत काम केले. तिथला कारकून म्हणायचा, "हा डबा आहे की साधू? कधी आवाज म्हणून नाही!" मग कचेरीत नवे संगणक आले. आमचे सांगाडे गेले भट्टीत. मला मात्र उपटून एका जुन्या मालाच्या दुकानात टाकले. दुकानदाराला सगळे काका म्हणत.

बाई तिथे सोमवारी आल्या. त्या महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होत्या. मोडीत निघालेले सात संगणक त्यांनी स्वतः दुरुस्त करून एका कामाला जुंपले होते. एका संशोधन संस्थेने एका प्रचंड गणिताचे लाखो तुकडे केले होते. ज्याच्याकडे संगणक असेल त्याने एक तुकडा घ्यावा, सोडवावा आणि परत पाठवावा. गणित होते स्नायू झिजवणाऱ्या एका आजाराचे. तो आजार बाईंच्या धाकट्या बहिणीला होता. ती दोन वर्षे अंथरुणावर होती.

विभागप्रमुख सरांची अट एकच होती: सातही यंत्रे चालू दिसली पाहिजेत. एक जरी बंद दिसले तरी खोली रिकामी करायची. मंगळवारी अकराला ते पाहायला येणार होते, आणि रविवारीच सात नंबरचा एसएमपीएस गेला होता. त्या यंत्राच्या पोटात एकोणीस दिवस चाललेला एक तुकडा जवळजवळ सुटत आला होता. नवा एसएमपीएस त्या अख्ख्या यंत्राहून महाग. बाई सकाळपासून चार दुकाने हिंडून आल्या होत्या.

"काका, चालू आहे ना हा?"

काकांनी मला भिंतीतल्या विजेला जोडले आणि माझ्या प्लगातल्या हिरव्या आणि काळ्या तारेत वायरचा एक तुकडा खोचला. माझा पंखा फिरला.

"बघा, भिंगरी आहे भिंगरी! डोळे मिटून न्या."

या धंद्यात पंखा फिरला की माल चालू. बाईंनीही आयुष्यभर हीच परीक्षा मानली होती.

मंगळवारी त्यांनी मला बसवले तेव्हा महाविद्यालयाचा टेक्निशियन चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. खोली रिकामी झाली तर ती त्याला मिळणार होती. त्याने माझ्या तारांचे रंग पाहिले. पाहून चहाचा घोट घेतला.

"भाऊ, हा बसेल ना हो याला?" बाईंनी विचारले.

"प्लग बसतोय ना? मग बसला की."

बाईंनी बटण दाबले. माझ्यातून चुकीची वीज चुकीच्या वाटेने गेली. टक् असा आवाज झाला आणि धूर निघाला. मला पंखा आहे, तोंड नाही.

"अरेरे," टेक्निशियन म्हणाला. "या कंपनीच्या मालात तारा उलटसुलट असतात. माहीत नव्हतं होय तुम्हाला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही बसेल का विचारलंत. चालेल का, असं कुठं विचारलंत?"

सर अकराला पाच मिनिटे असताना आले. त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला, मग बोटाने यंत्रे मोजली.

"बाई, सहाच. आपलं काय ठरलं होतं?"

"सर, बाकीच्यांचे तुकडे तरी पुरे होऊ द्या. चार दिवस द्या फक्त."

"तुमच्या बहिणीचं औषध काय या डब्यांतून गळणार आहे?"

टेक्निशियन मोठ्याने हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मुख्य बटण स्वतः बंद केले.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी होतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. आतल्या खोलीतून बहिणीने रोजचाच प्रश्न विचारला, "ताई, आज किती झालं गं?"

"झालं की बरंच. सात नंबरचा तर संपतच आला."

"बघ, मी म्हटलं नव्हतं!"

बाईंनी माझ्यावर कागद चिकटवला: 'तारांचा क्रम वेगळा. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडू नये.' बुधवारी त्यांनी मला काकांकडे परत नेले. बदली वस्तू मागितली नाही. "कुणाला देऊ नका," एवढेच म्हणाल्या. काका म्हणाले, "छे छे, देतोय कशाला!" त्या वळणावर दिसेनाशा झाल्या तेव्हा काकांनी नखाने कागद खरवडून काढला.

मित्रांनो, मी दुष्ट नाही. मला तसे जोडले आहे. जुने यंत्र जरूर सांभाळा, पण पंखा फिरतो एवढ्यावर भुलू नका. काढलेला प्लग आणि नवा प्लग शेजारी शेजारी धरा, रंग जुळवून पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आणि दारात चहा पिणाऱ्याला विचारू नका.

शनिवारी एका निवृत्त पोस्टमनने मला विकत घेतले. घरातली चार जुनी यंत्रे त्याने त्याच गणिताला लावली आहेत, असे तो कौतुकाने सांगत होता. यंत्रे कोणत्या कंपनीची, हे काकांनी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. आता दुपारचे पावणेचार वाजले आहेत. त्याने यंत्राचे झाकण उघडले आहे. माझा प्लग त्याच्या हातात आहे. चष्मा कपाळावर आहे.