फाशीआधीचा ताप

प्रोफेसर ही काही खरी प्रोफेसर नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बोलायची म्हणून बाबांनी तिचं ते नाव पाडलं होतं. सोमवारी तिला शोधनिबंधाचा आराखडा द्यायचा होता. विषय तिनेच मोठ्या तोऱ्यात निवडला होता, फाशीची शिक्षा. मुद्द्यांना तोटा नव्हता. घोडं अडलं होतं पहिल्याच वाक्यापाशी. "तुझं स्वतःचं म्हणणं एका वाक्यात लिहून आण, नाहीतर विषय बदल," बाई म्हणाल्या होत्या. "दोन डगरींवर पाय ठेवून निबंध होत नाही."

रविवारची दुपार. जेवणं उरकलेली, पडदे ओढलेले. जमिनीवर तिने चिठ्ठ्या मांडल्या होत्या, डावीकडे फाशी हवी, उजवीकडे नको. पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्या कडा उचलायच्या आणि पुन्हा निजायच्या. बघता बघता तिचाही डोळा लागला. अर्धवट झोपेत तिला दिसलं की खोलीत घोटाभर पाणी आहे, चिठ्ठ्या त्यावर तरंगताहेत, हव्याच्या नकोत आणि नकोच्या हव्यात मिसळताहेत. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट छान वाटत होतं.

डोळे किलकिले केले तर बाबा जमिनीवर मांडी ठोकून एकेक चिठ्ठी वाचत होते. तुरुंगाच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. आणि आपल्या या प्रोफेसरने तरी कुठे विचारलं होतं? सगळं ग्रंथालय पालथं घातलं आणि घरातल्या माणसाला विचारायचं राहून गेलं. शिकलेल्यांचं हे असंच असतं.

"यात तापाचं काही नाही," बाबा म्हणाले.

"कसला ताप?" तिने पडल्या पडल्या विचारलं.

"आजारी माणसाला फाशी देत नाहीत. आधी बरं करतात. डॉक्टरांनी 'प्रकृती उत्तम' लिहून सही केली, की मगच."

ती उठली नाही. आपण उठलो तर बाबा गप्प होतील अशी तिला भीती वाटली. ते बोलत राहिले, आणि झोपेतल्या त्या पाण्यावरूनच त्यांचा आवाज येतोय असं तिला वाटत राहिलं.

एका कैद्याला तारखेच्या चार दिवस आधी ताप भरला. त्याची आई लांबच्या गावाहून निघाली होती, दोन गाड्या बदलून यायची होती. ताप टिकला असता तर तारीख आपोआप पुढे गेली असती आणि मायलेकांची भेट झाली असती. डॉक्टरांना हे कळत होतं, पहारेकऱ्यांना कळत होतं.

"मलाही कळत होतं गं," बाबा म्हणाले. "पण तापलेलं कपाळ समोर दिसलं की मला दुसरं काही सुचायचंच नाही. वेळच्या वेळी गोळ्या, गार पाण्याच्या पट्ट्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तोही हसला. म्हणाला, तुमच्या हाताला गुण आहे."

"मग?"

"मग काय. सही झाली. आई पोचली फाशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याच्या कपड्यांची पिशवी मीच दिली त्यांच्या हातात."

"काही बोलल्या?"

"विचारलं, शेवटी आजारी-बिजारी नव्हता ना? मी म्हटलं, छे, अगदी ठणठणीत होता." बाबा हातातल्या चिठ्ठीची घडी घालत राहिले. "'बरं झालं,' म्हणाल्या. माझे आभार मानले त्यांनी."

तिला रडू आवरेना. लहानपणापासूनचे तिचे सगळे ताप याच हातांनी उतरवले होते.

"हे लिहू मी?"

"लिही. माझं नाव नको."

ती उठली, वही मांडीवर घेतली. बाई काय म्हणतील ते म्हणोत. पहिलं वाक्य तिने एका दमात लिहिलं: फाशी देण्याआधी आम्ही माणसाला बरं करतो.